माशाचा ठसा

“ज्यानं बापाचा ठसा पळवला, तो गावाचं पाणी पळवणार नाही कशावरून?”

मारुतीच्या पारावरून हा प्रश्न आला. आम्ही बायका समोरच्या माळवदावर बसून ऐकत होतो. माझ्या मांडीवर शेंगांचं सूप होतं. सोलायला घेतलेली शेंग हातात तशीच राहिली.

प्रश्न विचारला होता तात्यासाहेब इनामदारांनी, आणि विचारला होता आमच्या ह्यांना. सरकारनं त्या साली नवीनच टूम काढली होती. म्युनिसिपालटीत निम्मे मेंबर साहेबानं नेमायचे आणि निम्मे लोकांनी निवडायचे. आमच्या बोरपेठेतून एक मेंबर जायचा होता. इनामदारांना वाटलं, आपल्याशिवाय आहे कोण? पण हे उभे राहिले. गाव यांना मोरशेट म्हणे. ओढ्यापलीकडं वाफेच्या इंजिनावर तांब्याची भांडी करणारे मोरशेट तांबट.

हे उभे राहिले ते नळासाठी. आदल्या उन्हाळ्यात पटकीनं पेठेतली तेवीस माणसं नेली होती. सगळी एकाच आडाचं पाणी पिणारी. ह्यांचं म्हणणं, टेकडीवरच्या तळ्यातून लोखंडी नळानं पाणी आणायचं. नकाशा स्वतः काढला होता. अक्षरं चार ओळखीची, पण रेघ ओढली की हातभर सरळ. इनामदारांचं म्हणणं, नळ आला की पट्टी वाढणार, आणि आड काय आजचा आहे?

तिथवर सभा छान रंगली होती. मग हा ठशाचा प्रश्न आला.

हे उठून उभे राहिले. अंगानं बारीक, पण आवाज इंजिनाशेजारी कमावलेला.

“ठसा मी पळवला नाही. माझ्या वडलांनी दिलाय मला.”

“साक्षीला कोण?”

“वडील गेले. आता साक्षीला देव.”

तेवढ्यात पाराच्या कडेला बसलेला एक थोराड गडी उठला. डोक्याला मुंडासं, मनगटं खांबासारखी. ते आमचे थोरले भाऊजी, दाजीबा. ह्यांचे सख्खे भाऊ. सात वर्षांत दोघांत एक शब्द झाला नव्हता.

“देवच साक्षीला काढलाय ना,” भाऊजी म्हणाले, “तर मग उद्या सकाळी कालिकेच्या देवळात यावं. आईपुढं बेलभंडारा उचलावा आणि म्हणावं, बापानं ठसा मला दिला. उचलला, तर तांबट आळीतली अकराच्या अकरा मतं याची. नाही उचलला, तर माझं मत तात्यासाहेबांना. सगळ्यांच्या देखत बोलतोय.”

“उद्याच कशाला, आत्ता चला!” हे म्हणाले, आणि सगळी सभा हसली. हेही हसले.

मी सूप काखेला मारलं आणि जिना उतरले. शेजारीण म्हणाली, “अगं, सभा संपली नाही अजून!” मी म्हटलं, “दूध उतू जाईल.” ठशाचा विषय निघाला की मला नेहमी चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

हा ठसा म्हणजे काय, ते सांगायला हवं. बोटाएवढी पोलादी कांडी. टोकाला कोरलेला मासा, तिळाच्या दोन दाण्यांएवढा, पण खवलंन् खवलं दिसणारा. घागर घडवून झाली की आमचे मामंजी तिला बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे, कान लावून आवाज ऐकायचे, आणि मनासारखा आला तरच बुडाशी माशाचा ठसा मारायचे. शंभर मैलांवरच्या बाजारात बायका घागर उलटी करून आधी मासा बघायच्या. मामंजींच्या हाताखाली दोन्ही मुलगे तयार झाले. थोरल्यांचा हात असा, की घागर ठोकून मठारायला बसले म्हणजे ठोका लय धरायचा, येणारा जाणारा उभा राहायचा. धाकट्यांचं लक्ष मात्र हातापेक्षा हत्याराकडं. हीच हातोडी लांब दांड्याची केली तर? ह्याच पत्र्याला लाटण्यासारखं लाटलं तर?

अठराव्या वर्षी हे पळून मुंबईला गेले. एका गिरणीत बॉयलर घासायच्या कामावर लागले. सहा वर्षांनी परत आले, ते चार बैलगाड्यांवर एक मोडकं इंजिन घालून. गिरणीनं भंगारात काढलेलं. सगळी आळी बघायला लोटली. मामंजी तोवर वारले होते. भाऊजी म्हणाले, “हा राक्षस आळीत येणार नाही.” हे म्हणाले, “मग मीही नाही येत.” आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं; लग्नापुरते हे मुंबईहून आले होते आणि मला सासरी ठेवून परत गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही एक गाठोडं, एक पाटा-वरवंटा आणि ते इंजिन घेऊन ओढ्यापलीकडं गेलो.

पहिले सहा महिने कुणी आमच्या तांब्याला हात लावला नाही. यंत्राचं भांडं म्हणून लोक नाकं मुरडायचे. मग एक दिवस आमच्या तांब्याच्या बुडाशी मासा आला आणि बाजार फिरला. बघता बघता चाळीस माणसं कामाला लागली. आणि त्याच दिवसापासून थोरल्या भाऊजींनी सगळ्या गावात सांगायला सुरुवात केली, की धाकट्यानं बापाचा ठसा चोरला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे लवकर उठले. आंघोळ करून, नवं उपरणं घेऊन आरशापुढं पागोटं बांधायला बसले. शीळ घालत होते.

मी दारात उभी राहिले. “अहो, एक सांगायचंय.”

“आल्यावर सांग.”

“आधीच सांगायला हवं.”

“अगं, खरं बोलून मतं मिळायची ही पहिलीच वेळ. मेंबर झाल्यावर पुन्हा कधी मिळायची? जाऊ दे मला.” पागोट्याचा शेवट खोचत ते माझ्याकडं वळले. “तोंड का असं उतरलंय? अकरा मतं! पेठेत पंच्याण्णव मतं, त्यातली सत्तेचाळीस इनामदारांची नक्की, आमची सदतीस. ही अकरा आली की झालो मेंबर. पाव्हणे येतील, काहीतरी गोड कर.”

बाहेर कारखान्याची माणसं जमली होती. कुणीतरी हलगीवालाही आणला होता. वाजतगाजत निघाली सगळी. मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पदर डोक्यावरून घेतला आणि मागच्या वाटेनं ओढा ओलांडून देवळाकडं निघाले. वाटेत पाय दोनदा थांबले. गप्प बसले तर काय होईल, ते दिसत होतं. हे मेंबर होतील. भावाभावांत समेट होईल. पेठेला नळ येईल. गप्प बसायचे एवढे फायदे जन्मात कधी एका जागी आले नव्हते.

देऊळ खच्चून भरलेलं. एका बाजूला आळी, दुसऱ्या बाजूला कारखाना. तात्यासाहेब खांबाला टेकून उभे. गुरवानं ताटात बेलाची पानं ठेवली, वर भंडारा टाकला. आमच्याकडं म्हणतात, खोटा बेलभंडारा उचलला तर त्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरत नाही. माझी दोन पोरं घरी अंगणात खेळत होती.

ह्यांनी वाकून दोन्ही हात ताटाकडं नेले.

“थांबा!”

आवाज माझाच होता, पण मला तो दुसरीकडून आल्यासारखा वाटला. बायकांच्या घोळक्यातून मी पुढं झाले. थोरल्या दिरांसमोर मी कधी तोंड वर करून उभी राहिले नव्हते, बोलणं तर लांबच. पदर ओढला आणि जमिनीकडं बघत म्हटलं,

“मामंजींनी ठसा कुणालाच दिला नव्हता. देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात होता. घर सोडलं त्या दिवशी मी उचलला. चोळीच्या खणात गुंडाळून नेला.”

तात्यासाहेब खांब सोडून पुढं सरकले.

“ह्यांना मी सांगितलं, की मामंजींनी जाताना माझ्याजवळ दिला होता, तुमच्यासाठी. ह्यांनी खरं मानलं. सात वर्षं मानतायत. ह्यांना उचलू देऊ नका.”

का उचलला, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. घर सोडताना आम्हाला भांड्यांची घडवंची रिकामी दाखवली गेली. तांबटाच्या घरातून सून निघाली, आणि तिच्या हाती पाणी प्यायला एक धड गडू नव्हता. मी सोळा वर्षांची होते. मनात म्हटलं, असं का? आणि कोनाड्यात हात घातला. पुढं सहा महिने ठसा पिठाच्या डब्यात पडून होता. नंतर ह्यांनी, विकले न गेलेले तांबे आढ्याला टांगताना, एकदा माझ्याकडं पाठ करून डोळे पुसले. त्या दिवशी मी तो काढून ह्यांच्या हातात ठेवला आणि ते वाक्य बोलले.

पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.

“मला वाटलंच होतं!” त्या घोळक्यातून कडाडल्या. “आणि त्याच दिवशी माझी झारी गेली, तीही तूच नेलीस का गं?”

“नाही हो जाऊबाई. आईच्यान्, झारी नाही नेली.”

“मग झारी गेली कुठं?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक. गुरवानं देवीकडं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मी मात्र ह्यांच्याकडं बघत होते. ह्यांचे हात अजून ताटाच्या वर तसेच होते. ते सावकाश मागं घेतले.

कारखान्याचा मुकादम पुढं झाला. “शेट, तुमचा काय दोष? बाईमाणसानं केलं. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. सांगा की तसं.”

“गप रे.” हे म्हणाले. मग देवळाकडं तोंड करून, नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलले, “हिनं सांगितलं आणि मी ऐकलं. मरताना वडील दादाच्या मांडीवर होते. मी मुंबईला. ठसा द्यायचा तर ते दादाला सोडून सुनेला का देतील? एकदा विचारलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. सात वर्षांत मी विचारलं नाही. कारण मला विचारायचंच नव्हतं. तेव्हा चोरी हिनं एक दिवस केली. मी रोज केली.”

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. ठसा ते अंगावरच बाळगत. तो भाऊजींच्या पुढं धरला.

“दादा, घे. आजपासून माझ्या भांड्याला मासा नाही. मत मला देऊ नकोस. पण मेंबर कुणी का होईना, नळ तेवढा आणायला लावा.”

भाऊजींनी ठसा घेतला. तळहातावर तोलला, टोकावर अंगठा फिरवला. धोतराच्या सोग्यात खोचला आणि देवळाबाहेर गेले. त्यांच्यामागं सगळी आळी गेली. हलगीवाला बिचारा दाराशी उभा होता. त्याला कळेना, वाजवावं की नाही.

त्या दिवसापासून ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. जे सांगायचं ते घरातल्या मांजरीला सांगत. “मने, कुणी पाणी तापवलं असेल तर आंघोळ करावी म्हणतो.” मीही मांजरीलाच सांगे, “मने, पाणी केव्हाचं तापलंय.” मांजर बिचारी एकदा ह्यांच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. धाकटी पोर मला म्हणाली, “आई, बाबांना मनीची भाषा येते?”

कारखान्यात मात्र रडारड होती. बांधून तयार असलेला सगळा माल ह्यांनी पुन्हा सोडवला आणि एकेका तांब्याच्या बुडाचा मासा घासून काढायला लावला. मुकादम अक्षरशः पाया पडला. म्हणाला, “शेट, निदान हा माल तरी जाऊ द्या. मासा नसला तर मुंबईचे व्यापारी दारात उभं करणार नाहीत.” हे म्हणाले, “मग आपण खिडकीत उभं राहू. घास.” दोन दिवस कारखान्यातून इंजिनाचा आवाज आला नाही. कानशीचाच येत होता.

तिसऱ्या दिवशी मतं होती. तेव्हा आतासारख्या चिठ्ठ्या नव्हत्या आमच्याकडं. कचेरीच्या ओसरीवर मामलेदार टेबल टाकून बसले होते. पट्टी भरणारा एकेक पुरुष पुढं जाई, मामलेदार विचारीत, मत कोणाला? त्यानं सगळ्यांच्या देखत नाव सांगायचं. कारकून लिहून घेई.

मी जाणार नव्हतेच. कुठल्या तोंडानं जायचं? पण उन्हं वर आली, तशी जाऊबाई दारात उभ्या. सात वर्षांत पहिल्यांदा ओढा ओलांडून आल्या होत्या. लुगड्याचा काठ ओला झाला होता.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“कचेरीसमोर वड आहे. तिथून सगळं ऐकू येतं. मला एकटीला जायला लाज वाटते.” आणि वाटेत, माझ्याकडं न बघता, म्हणाल्या, “त्या दिवशी घडवंची मीच रिकामी केली होती. भांडी न्हाणीत लपवली. झारीही त्यातच असेल, नंतर सापडायची राहिली. तुझ्या एकटीच्या डोक्यावर कशाला?”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

वडाखाली पोहोचलो, तेव्हा बरीच मतं होऊन गेली होती. ह्यांची सदतीस, तात्यासाहेबांची सत्तेचाळीस. हे बोलले होते तसंच. आता फक्त तांबट आळी उरली होती. अकरा जण रांगेनं आले. पुढं आळीतले म्हातारे, मागं जवान, सगळ्यात शेवटी भाऊजी.

“मत कोणाला?”

“मोरशेट तांबटांना,” पहिला म्हातारा म्हणाला.

जाऊबाईंनी माझा दंड आवळला. दुसरा आला. “मोरशेट.” तिसरा आला. “मोरशेट.” ओसरीवर कुजबुज सुरू झाली. तात्यासाहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. दहाव्या माणसानं मोरशेट म्हटलं, तेव्हा दोघांची सत्तेचाळीस-सत्तेचाळीस झाली होती.

भाऊजी टेबलापुढं उभे राहिले.

“दाजीबा तांबट. मत कोणाला?”

भाऊजींनी एकदा खांबाशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बघितलं. मग मामलेदारांकडं.

“तात्यासाहेब इनामदारांना.”

कारकुनाच्या हातातला टाक थांबला. मामलेदारांनी चष्मा वर केला. “पुन्हा सांगा.”

“तात्यासाहेब इनामदार. नीट लिहा. मी पारावर बोललो होतो, यानं बेलभंडारा उचलला नाही, तर माझं मत यांना. त्यानं उचलला नाही. मी माझ्या मताचं बोललो होतो, आळीच्या नाही. आळीला मी काल सांगितलं, तुम्हाला पटेल ते करा.”

तात्यासाहेब एका मतानं मेंबर झाले. हार घालून घेत ते भाऊजींकडं आले. “दाजीबा, तुमचे उपकार झाले.”

“उपकार कसले? शब्द होता,” भाऊजी म्हणाले. “पुढच्या खेपेला मात्र माझ्या दारी येऊ नका. आणि नळाचं बघा.”

संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. मी आत भाकऱ्या थापत होते. चेहरा कसा असेल, ते बघायचं धाडस नव्हतं. एवढ्यात फाटक वाजलं. भाऊजी आणि जाऊबाई. मी दाराआड झाले.

“मोऱ्या,” भाऊजी म्हणाले, “एका मतानं पडलास.”

“हो दादा.”

“ते माझं.”

“ऐकलं मी. मामलेदारांच्या घोड्यानंसुद्धा ऐकलं असेल.”

“रागावलास?”

हे भाऊजींकडं वळले. मग हसायला लागले. आधी बारीक, मग एवढं मोठ्यानं, की मनी उठून पळाली. “दादा, तू जर मला मत दिलं असतंस ना, तर मी रागावलो असतो! सगळ्या गावात एकच माणूस आहे, त्याचं बोलणं म्हणजे बोलणं. तोही माझ्यापायी फिरला असता, तर मी मेंबर होऊन काय चाटायचं होतं?”

भाऊजींनाही हसू आवरेना. मुंडासं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि ओट्यावर ऐसपैस बसले.

“तुझी बायको कुठंय?”

“आत आहे.”

“तिला सांग, चोरी वाईट. पण बेलभंडाऱ्याला हात घालणाऱ्या नवऱ्याला भर देवळात अडवायला छाती लागते. आमच्या घराण्यात ती पुरुषांकडं नाही. आणि सांग, दोघं जेवायला आलोय.”

हे उठून दारापर्यंत आले. तीन दिवसांनी माझ्याकडं बघून, मांजरीला मधे न घालता म्हणाले, “अगं, दादाला पाट मांड.”

मी पाट मांडला, पण डोळ्यांतल्या पाण्यानं तो आधी वाकडा मांडला गेला. जेवणं झाल्यावर, जाऊबाई भांडी घासत असताना, मी ह्यांना हळूच विचारलं, “अजून रागावलायत?”

“तुझ्यावरचा राग मघाशी संपला,” हे म्हणाले. “माझ्यावरचा आहे थोडा. तो जरा लांबेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी कारखान्यात आले. इंजिन सुरू झालं, तशी त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. मग एक कान मोकळा करून ढिगातला एक तांब्या उचलला आणि पेरानं टिचकी मारली. कानाशी धरला. पुन्हा मारली.

“याचा गळा बसलाय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“तुझा राक्षस गळ्याशी पत्रा पातळ करतो. दोन वर्षांत इथंच चीर जाणार. इथं हात फिरवायला माणूस हवा, यंत्र नाही.” त्यांनी अंगरखा काढून खुंटीला अडकवला. “हातोडी आण. आणि ही शिट्टी बंद कर त्याची, मला ठोका ऐकू येत नाही.”

तिथून पुढचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. आळीतले निम्मे गडी गळ्याच्या कामाला आमच्याकडं आले, निम्मे आळीत राहून घागरी घडवत राहिले. ठसा भाऊजींच्या सोग्यातच असायचा. ते टिचकी मारून ऐकत, आणि पटलं तरच मासा उठे. पहिल्या महिन्यात शंभरात पाच तांब्यांना उठला. मुकादम डोकं आपटून घेई. वर्षानं साठ-सत्तरांना उठायला लागला. आमच्या मालाचं नाव मुंबईच्याही पलीकडं गेलं, ते त्यानंतर. हे पुढं म्युनिसिपालटीचे अध्यक्ष झाले, रावबहादूर झाले, लाटसाहेबाच्या कौन्सिलात जाऊन बसले. तिथंही कुणी थोरवी गायला लागलं की हे मधेच थांबवून विचारत, “मी पहिल्यांदा कसा पडलो, ते सांगितलं का तुम्हाला?” आणि सगळं सांगत. माझ्यासकट.

पण मला आठवते ती पुढची निवडणूक. मधल्या तीन वर्षांत तात्यासाहेबांनी नळाचं नुसतं बघतो बघतो म्हटलं होतं. हे पुन्हा उभे राहिले. तीच कचेरी, तेच मामलेदार. मी आणि जाऊबाई वडाखाली. या खेपेला भाऊजी रांगेत सगळ्यात पुढं होते. पहाटेपासून येऊन बसले होते म्हणे.

“दाजीबा तांबट. मत कोणाला?”

“मोरशेट विठोजी तांबट!”

वडावरचे कावळे उडाले. कारकुनाच्या दौतीतली शाई हिंदकळली. मामलेदार कानावरून हात फिरवत म्हणाले, “अहो दाजीबा, मी समोरच बसलोय. एवढं ओरडायचं काय कारण?”

“गेल्या खेपेचं मतही यातच धरा, साहेब,” भाऊजी म्हणाले.